बकारीचा डावा गुडघा

बकारीच्या गुडघ्यात काहीतरी बिघडलंय, हे सगळ्यांत आधी अन्वरच्या अंगठ्याला कळलं.

अन्वर मूळचा हर्णैचा. दुबईजवळच्या अजमानमधल्या एका लहानशा फुटबॉल क्लबात अकरा वर्षं तो खेळाडूंना मालिश करत होता. बकारी कोमोरोसचा, आफ्रिकेजवळच्या इवल्याशा बेटांवरचा. खेळायचा मिडफिल्डला. बचावाला धावायचा, पुढे चेंडू पुरवायचा, नाव मात्र गोल मारणाऱ्याचं व्हायचं. एकतिसाव्या वर्षी त्याला पहिल्यांदाच देशाच्या संघाचं बोलावणं आलं होतं.

"आत पाणी झालंय," अन्वर म्हणाला. "डॉक्टरना दाखव."

"दाखवलं तर क्लबवाले खेळायला सोडणार नाहीत." बकारी त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत होता. "सामन्यापर्यंत नऊ दिवस गप्प राहा, अन्वरभाई. आई येणार आहे मैदानात. तिने मला मोठ्या सामन्यात कधी पाहिलेलं नाही."

अन्वरने त्याला पट्टी घट्ट कशी बांधायची ते दाखवलं आणि गप्प राहिला.

सामना त्याने घरी बायकोबरोबर, नौशीनबरोबर, मोबाइलवर पाहिला. बावन्नाव्या मिनिटाला बकारी नुसता वळला, कोणाचा धक्काही लागला नाही, आणि गुडघा धरून खाली बसला. कॅमेरा प्रेक्षकांकडे वळताच अन्वरने मोबाइल पालथा ठेवला.

बकारी परतला तो कुबड्यांवर. एक ऑपरेशन फसलं. दुसऱ्यासाठी विमा मंजूर व्हायची वाट बघणं चालू होतं.  शेवटी अन्वर क्लबचे मॅनेजर सतीशसरांकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली तर जाऊ दे, छातीवरचं ओझं तरी उतरेल, असं त्याला वाटलं.

सतीशसरांनी बकारीच्या विम्याची फाइल काढली. मग म्हणाले, "म्हणजे दुखापत आधीची. आता विमा मिळायचा नाही. ऐकलं म्हटल्यावर मला हे विमा कंपनीला कळवावंच लागेल."

अन्वरची नोकरी राहिली. बकारीचं ऑपरेशन रद्द झालं, मग कॉन्ट्रॅक्ट खलास, मग व्हिसा.

शारजा विमानतळावर अन्वरने त्याची बॅग उतरवली. "मीच सांगितलं सरांना," तो म्हणाला.

"माहीत आहे." बकारीच्या आवाजात राग नव्हता. "गप्प राहा म्हटलं, तेव्हा राहिलास. मग बोल असं कोणी म्हटलं होतं?"

 अन्वरने बॅग आत न्यायला हात पुढे केला. बकारीने ती स्वतःच उचलली आणि पाय ओढत, एकदाही मागे न बघता आत गेला.