उभा केलेला पॅलेट

मी पॅलेट बोलतोय. गोदामात मालाच्या खोक्यांखाली जी लाकडी चौकट दिसते ना, तोच मी. माझ्यावर काय ठेवलंय ते सगळे वाचतात, माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पन्नास पौंड वजन आहे माझं. अंगावर पडलो की मग बघतात.

जॉर्जियातल्या पाइनचं माझं लाकूड. यंत्राने तीन मिनिटांत फळ्यांना खिळे ठोकले, भट्टीत तापवलं, कुशीवर डाग देऊन शिक्का मारला. झालं बारसं! मग मी कांदे वाहिले, रंगाचे डबे वाहिले, मांजरांचं खाणंसुद्धा वाहिलं. शेवटी इलिनॉयमध्ये, जोलिएटजवळच्या एका गोदामात येऊन पडलो.

तिथे भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : रिकामे पॅलेट आडवे ठेवा, उभे करू नका, खिळा वर आलेला दिसला तर बाजूला काढा. आणि त्याच भिंतीला टेकवून माणसं आम्हांला उभं करायची. आडवं ठेवायचं तर वाकावं लागतं, उचलताना जोडीला माणूस बोलवावा लागतो. उभा पॅलेट म्हणजे बिजागरी नसलेला दरवाजा, पण कमरेला सोपा.

दाराशी एक पाटी होती, ‘अपघाताविना दिवस’. त्यावरचा आकडा मुकादम कीथ रोज सकाळी स्वतः बदलायचा. शंभर भरले की सगळ्यांना पिझ्झा आणि एकेक जाकीट. जाकिटांची मापंही देऊन झाली होती. अपघात होऊ नये म्हणून पाटी असते, असं मला आधी वाटायचं. मी लाकूडच ना.

मारिसेला तिथे माल भरायची. हातमोज्यांशिवाय ती मला शिवायची नाही. म्हणून तिला बघितलं की पोरं ओरडायची, “आल्या, आल्या सुरक्षाताई!”

एके दिवशी फोर्कलिफ्टचं, म्हणजे माल उचलणाऱ्या गाडीचं, पातं लागून माझी कडेची फळी फुटली आणि दोन खिळे बोटभर बाहेर आले. मारिसेलानेच ते पाहिलं.

“कीथ, हा मोडक्यांत काढ.”

“मोडके पार मागच्या अंगणात. ट्रक खोळंबलाय माझा. उद्या बघू.”

“उद्या हा कुणाचा तरी पाय खाईल.”

“मग पाय सांभाळा की!” कीथ म्हणाला, आणि सगळे हसले. तिने खडूने माझ्यावर लाल फुली मारली. दुपारपर्यंत ती पुसली गेली.

तो उद्या काही आला नाही. शहाण्णवाव्या दिवशी ओडेलने माझ्यावरचा माल उतरवला आणि मला खांबाला टेकवून उभा केला. ओडेल म्हणजे फोर्कलिफ्टवरचा म्हातारा. कंबर गेलेली, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मारिसेला त्याच्यासाठी घरून डबा आणायची.

“म्हातारबा, आडवा टाक त्याला.”

“कंबर तू देतेस का तुझी? आलोच पाच मिनिटांत.”

ती प्लॅस्टिकचा गुंडाळा घ्यायला वाकली. ओडेलने गाडी वळवली, जमीन थरथरली आणि मी घसरलो. थांबायला मला हात नव्हते. तिच्या बुटाच्या वर, घोट्यात माझे दोन्ही खिळे शिरले आणि हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला.

कीथ धावत आला. पण त्याने आधी पाटीकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, सगळ्यांनीच बघितलं.

“हे बघ मारिसेला,” तो तिच्याजवळ बसून गोड आवाजात म्हणाला, “चार दिवस उरलेत. घरी जिन्यावरून पडले म्हणून लिहून दे. इथलं लिहिलंस तर पॅलेट उभा कोणी केला तेही लिहावं लागेल. मग ओडेलची नोकरी राहील का, तूच सांग.”

ती ओडेलकडे बघत राहिली. तो टोपी हातात फिरवत होता. तिने सही केली.

इतके दिवस कोणाला वेळ नव्हता, पण त्या दिवशी पाच मिनिटांत मला मागच्या दाराबाहेर फेकलं. चार दिवसांनी आतून पिझ्झ्याचा वास आला. हसण्याचे आवाजही आले.

तीन आठवड्यांनी ती कुबड्यांवर त्याच दाराशी आली. घोटा नीट जुळला नव्हता, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणार होती, आणि त्याचा खर्च ती कंपनीकडे मागत होती.

“घरातल्या अपघाताचं कंपनी काय करणार गं?” कीथ म्हणाला. “तूच तर लिहून दिलंस. आणि उभं राहता येत नसेल, तर दुसरं माणूस बघावं लागेल मला.” तो आत गेला.

ओडेल सिगारेट ओढत तिथेच उभा होता. अंगात नवं जाकीट होतं.

“म्हातारबा, तू तरी सांग ना त्यांना. तू होतास तिथे.”

त्याने सिगारेट बुटाखाली विझवली. “माझी पाठ होती गं तिकडे, पोरी. मला काही दिसलं नाही.”

मारिसेला कुबड्या टेकत फाटकाबाहेर गेली, ती पुन्हा आली नाही.

आज मोडक्या लाकडाचा भुसा करणारा ट्रक आलाय. माझ्या आधीचे दोघे आत गेले. वाचकहो, मला आडवं ठेवा, एवढंच सांगणार होतो, पण ते भिंतीवर लिहिलेलंच आहे. म्हणून जाता जाता कबुली देतो : मारिसेलाचा पाय मी मोडला, याच गोदामात, सगळ्यांच्या देखत. हे कबूल करणारा इथे मी एकटाच, आणि मला तोंड नाही.