खारेपाट चषक जे सांगत नाही

मित्रांनो, मी एक चषक आहे, जुना आणि पत्र्याचा. माझा सोनेरी रंग बघून फसू नका. पेणच्या एका कारखान्यात गणपतीच्या मुकुटांना लावून थोडा रंग उरला होता, तोच मला फासला. मग माझ्यावर ‘खारेपाट चषक’ असं कोरलं आणि वडखळजवळच्या पाच गावांच्या फुटबॉल स्पर्धेत मला टेबलावर मांडलं. पाच गावं, पाच संघ. सामने भात कापलेल्या शेतात, जिथे चेंडू ढेकळाला लागून वाटेल तिकडे जायचा. एवढीच माझी थोरवी. तरी माणसं मला डोक्यावर घेऊन नाचली. मला तेव्हाच त्यांची कीव आली होती.

तीन वर्षं माझ्यावर एकच नाव कोरलं गेलं: प्रशिक्षक जगन. सलग तीनदा जिंकला म्हणून मी कायमचा त्याच्या घरी गेलो. हा जगन हुशार होता, पण खेळात नाही, तारखांत. स्पर्धेचे दिवस तोच ठरवायचा आणि अंतिम सामना दर वर्षी पौर्णिमेला ठेवायचा.

“चांगला दिवस हाय,” असं म्हणायचा.

समोर दर वर्षी मिठागरवाल्यांचा संघ असायचा. पौर्णिमेला खाडीला उधाण येतं. त्या दिवशी भरतीचं पाणी मिठागरात घ्यावंच लागतं, नाहीतर पुढे मीठ पिकत नाही. त्यामुळे त्यांची काही माणसं उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, अडकायची आणि मैदानात आठच जण यायचे. जगनचे अकरा जण त्या आठांना कसंबसं एका गोलने हरवायचे. ह्या पराक्रमासाठी मला त्याच्या टीव्हीशेजारी मिरवावं लागलं. पुढे ती स्पर्धाही बंद पडली. बरं झालं.

मग रोह्याजवळच्या वरसे गावातून बोलावणं आलं. तिथल्या मंडळाचा मुलींचा संघ जिल्ह्याच्या लीगमध्ये नुकताच चढला होता. त्यांना प्रशिक्षक हवा होता. संघ पुन्हा खाली घसरला तर तो बंदच करायचा, असं मंडळाने ठरवून टाकलं होतं. संघाची कप्तान ऋतुजा हे ऐकून मुलाखतीच्या दिवशी कचेरीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

जगन मला काखोटीला मारून मुलाखतीला गेला. दुसरा उमेदवार होता केरू, त्याच मिठागरवाल्यांचा प्रशिक्षक. तो रिकाम्या हाताने आला.

“जगनशेठ, सलग तीन वर्षं? वा!” अध्यक्ष सुजयने मला गोल फिरवून पाहिलं. मग तो केरूकडे वळला. “आणि तुम्ही?”

“मी त्याच तीन फायनल हरलो,” केरू म्हणाला.

“मग मुलींना काय, हरायला शिकवणार?”

सगळे हसले. समोर कोण होतं, किती जण होते, हे जगनला कोणी विचारलं नाही. मी टेबलावर चकाकत होतो ना! पत्रा चमकला की शहाण्यांचे डोळे दिपतात.

जगनला नेमलं, मला मंडळाच्या कचेरीत मांडलं आणि लीग सुरू झाली. तारखा जिल्ह्याहून यायच्या आणि समोर दर वेळी अकरा जणी असायच्या. जगन रेषेबाहेरून “मार! मार!” एवढंच ओरडायचा. सहा सामन्यांत पाच हार आणि एक बरोबरी. “पोरींच्यात दम नाय,” असं सांगून तो मोकळा झाला. दोन सामने उरले होते. त्यातला एक तरी जिंकला नाही तर संघ संपला असता.

एका रविवारी ऋतुजाने मला मंडळाच्या कचेरीतून उचललं, पिशवीत घातलं आणि थेट मिठागरावर नेलं. केरूपुढे मला ठेवून ती म्हणाली, “केरूकाका, हा माणूस आम्हाला काहीच शिकवत नाही. मग तुम्हाला तीनदा कसा हरवून गेला?”

केरू हसला. “आमी आठच होतो गो बाय. बाकीचे उघाडीवर.”

“तिन्ही वर्षं?”

“तिन्ही.”

“मग मुलाखतीत बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? मीठ सोडून खेलाया येनार होतो काय? हरलो ते हरलो.”

ऋतुजाने तिथलाच एक खिळा उचलला आणि जगनच्या प्रत्येक नावाखाली कोरलं: समोर आठ. दुसऱ्या दिवशी तिने मला सुजयच्या टेबलावर आदळलं.

“अगो, चषक खराब केलास!” सुजय ओरडला. बघा, त्याला काळजी कशाची, तर माझी!

“खराब काय केला? अर्धं लिहिलं होतं, ते पुरं केलं,” ती म्हणाली.

जगन कुरकुरला, “जिंकला तो जिंकला. आठ काय नि अकरा काय.”

पण ह्यावर हसायला कोणी धजलं नाही. उरलेले दोन सामने नाइलाजाने केरूकडे दिले गेले. त्याने मुलींना एकच गोष्ट घोटून शिकवली: चेंडू आपल्याकडे नसताना कुठे उभं राहायचं. आठ माणसांनी अकरांशी झुंजायचं तर हेच यावं लागतं. पहिला सामना गेला. दुसरा दोन-एक असा जिंकला आणि संघ लीगमध्ये टिकला.

सुजय हार घेऊन धावत आला. “केरूशेठ, आता कायमचे प्रशिक्षक तुम्हीच!”

केरूने हार हातातच धरला. “एका मॅचवरनं? समोरची गोलकीपर लंगडत व्हती, बघितलात काय?”

सुजयने बघितलं नव्हतं.

“पावसाळाभर पोरींना शिकवतो. रोज येवान बघा. मग ठरवा.”

मित्रांनो, मी आता मंडळाच्या कपाटावर धूळ खात आहे आणि तीच माझी योग्य जागा आहे. मला घासूनपुसून ठेवू नका. कोणी माझ्यासारखा चषक तुमच्यापुढे ठेवला तर तो बाजूला सरकवा आणि त्या माणसाला मैदानात काम करताना बघा. लहान स्पर्धेतही मोठी माणसं असतात, पण त्यांची नावं बहुधा माझ्यावर नसतात. काळजी घ्यायचीच असेल तर खेळणाऱ्या मुलींच्या वर्षांची घ्या. त्यांचं एक वर्ष माझ्या पत्र्यापायी जवळजवळ वाया गेलं होतं.