वरून किती, बाजूनं किती

मी देविकाबाईंचा जुना कंप्युटर बोलून राहिलोय. शिक्षण म्हणाल तर शून्य आन एक, एवढंच येतं मला. तरी शिकलेले लोक माझ्यापुढं हात जोडून बसतात, याची लई गंमत वाटते.

भूकंप झाला त्या साली मला लातुरात आणलं, पडलेल्या घरांच्या याद्या कराया. नावं सरतच नव्हती. तवा मी एकदाबी अडून बसलो न्हाई. पुढं शिकवणीवाल्या अमृतरावांनी घेतलं. तिथं मात्र निकालाच्या दिवशी मुद्दाम बंद पडायचो. पोरांचे आईबाप घाम पुसायचे, अमृतराव मला थापडा मारायचे.

मंग त्यांच्याकडं फिजिक्स शिकवणाऱ्या देविकाबाईंनी मला घरी नेलं. त्यांची पीएच.डी. चालू होती. तिचा विषय ऐकून माझं डोकं फिरलं, ते अजून ठिकाणावर न्हाई. ध्रुवावर हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य उगवत न्हाई म्हणे. तवा लई उंचावरची हवा हळूहळू खाली बसते. तिच्यासंगं कार्बन मोनॉक्साइड नावाचा गॅस उतरतो. तो कवा किती खाली दिसला, त्यावरून हवा किती वेगानं उतरली ते काढायचं. मी म्हणलं, उतरंना का बापडी, आपलं काय जातं?

पण गणित जमंना. उपग्रहानं मोजलेला गॅस एकीकडं, माझं उत्तर दुसरीकडं. बाईंना वाटायचं, मीच खोडी काढून राहिलो. इमानानं सांगतो, या खेपेला माझा हात नव्हता. मलाच कळंना, चुकतंय कोन.

त्यातच अमृतरावांचा निरोप आला. सोमवारपासून सकाळ-संध्याकाळ दोन्ही बॅचा घ्या, न्हाईतर दुसरा माणूस बघतो. हाव म्हणलं की पीएच.डी. गेली. शनिवारी दुपारी बाईंनी मला कायमचं झाकून ठेवायला कापड आणलं.

तेवढ्यात त्यांचे वडील हणमंतअण्णा देगलूरहून आले. पंचवीस वर्सं देगलूर-नांदेड गाडीवर कंडक्टर होते.

"काय मोजून राहिलीस, माय?"

"वरून गॅस किती उतरला ते. खाली जेवढा दिसतो तेवढा वरूनच आला, असं धरलंय अण्णा."

"मंजे नांदेडला उतरले ते समदे देगलूरचेच?"

"हाव."

"आन नरसी फाट्यावर आपले निम्मे उतरतात, मुखेड-बिलोलीचे चढतात. ते काय माझ्या टोपीत बसले होते?"

बाईंनी हातातलं कापड खाली ठेवलं. "बाजूचं येणं-जाणं मी धरलंच न्हाई की, अण्णा."

"मला काय कळतंय त्यातलं. चहा टाक."

बाईंनी आडवा वारा गणितात घातला. रविवारभर मी घुर्रघुर्र करत होतो. आकडे अगदी गळ्यात पडले न्हाईत, पण शेजारी येऊन बसले.

सोमवारी बाईंनी अमृतरावांना सांगितलं, "सकाळचीच बॅच घेईन."

"मॅडम, तुमचा गॅस खाली आल्यानं माझी पोरं वर जाणार हायत का?"

"सकाळची जातील."

अमृतरावांना दुसरा माणूस काय घावला न्हाई.

आता बाई डॉक्टर झाल्यात. माझा पडदा गेलाय, मी माळ्यावर पडून हाय. पण एक कोडं सुटंना. बाईंनी पीएच.डी.च्या जाड वहीत शेवटी लिहिलंय, खाली गॅस किती हाय ते दिसतं. पण तो बाजूनंबी येतो-जातो, म्हणून हवा किती उतरली, ते नुसतं त्यावरून नक्की सांगता येत न्हाई. आन याच ओळीवर मोठ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

म्हणून एकच मागणं हाय, बाबांनो. भंगारात घालण्याआधी मला कुणीतरी नीट समजावून सांगा. घाई न्हाई.