मटकीचं श्वसन

कॉलेजात मी तासिकेवर जीवशास्त्र शिकवते. तास असला तर मॅडम, सुट्टी लागली की घरी बस. यंदा एक कायम जागा निघाली आणि संस्थेनं नमुना पाठ ठेवला. माझ्या वाट्याला पेशीतलं श्वसन आलं. सासूबाईंनी, म्हणजे बायडाबाईंनी, तेव्हापासून एकच घोशा लावला, "तू कायम झालीस की गाडी बंद. गुडघं बोलाय लागल्यात माझं."

गाडी म्हणजे गडमुडशिंगीच्या स्टॉपवरची आमची मिसळीची गाडी. पहाटे त्या कट उकळतात, मी कांदा चिरते आणि तसल्याच हातांनी कॉलेजात खडू धरते. पेशी साखर फोडून ऊर्जा काढते, असं पोरांना सांगताना माझ्याच पेशींनी संप पुकारलाय असं वाटतं.

पाठाला प्रयोग साधाच घेतला. मोड आलेली मटकी चंबूत घालायची. दाणे जिवंत, म्हणजे ते आतला ऑक्सिजन वापरणार. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड आत टांगलेलं कॉस्टिक पोटॅश शोषून घेणार. हवा कमी झाली की बाहेरचं रंगीत पाणी नळीतून वर चढणार. पोरांना डोळ्यांनी दिसतं, फार बडबड करावी लागत नाही. आणि मोडांना आमच्या घरात काय तोटा! आदल्या संध्याकाळी एक डबा वेगळा काढला आणि अंग टाकलं. सकाळी तोच डबा न उघडता पिशवीत घातला आणि बस धरली.

मागच्या बाकावर संस्थेचे सचिव हंबीरराव बसले होते. मी दाणे ओतून चंबूला बूच लावलं आणि शिकवत राहिले. तास संपत आला तरी पाणी जागचं हललं नाही. पहिल्या बाकावरची मोना म्हणाली, "मॅडम, मटकी श्वास घ्यायला इसरली काय?" वर्ग खिदळला. हंबीररावांनी घड्याळ बघितलं.

बूच काढून मी एक दाणा बोटात धरला, तर तो पिचकला. वाफवलेला! उकाड्यात मोड आंबू नयेत म्हणून गाडीच्या मटकीला रात्रीच एक वाफ देऊन ठेवायची आमची रीत. सासूबाईंनी माझाही डबा त्यात धरला होता.

"हे दाणे मेलेत, म्हणून पाणी चढलं नाही," मी वर्गाला सांगितलं. दुसरं काय सांगणार?

"प्रयोग आधी करून बघायचा असतो, मॅडम," हंबीरराव म्हणाले आणि उठले. दुपारी कळलं, जागा दुसऱ्याला दिली.

परतीच्या बसमध्ये मी भांडण पाठ केलं. माझ्या वस्तूला न विचारता हात लावलाच कशाला? आज ऐकवायचंच, मग घर डोक्यावर घ्यावं लागलं तरी चालेल. घरात शिरले तर सासूबाई पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होत्या.

"झालं न्हवं चांगलं? मटकीला मीच वाफ दिली. तू मेल्यागत झोपलीतीस. म्हटलं, तेवढाच हातभार." त्या तोंडभर हसल्या. "आन् बेकरीवाल्याला सांगून टाकलं बघ, उद्यापासनं ब्रेड टाकू नगंस. आमची सून कायम झाली म्हटलं."

पाठ केलेलं भांडण तिथंच सोडलं. इतकी दमले होते की रडूही येईना. मी फोन काढला आणि बेकरीवाल्याला लावला.

"उद्या ब्रेड टाका. रोजच्याएवढाच."

सासूबाईंचा हात गुडघ्यावर थांबला. "का गं?"

"जागा दुसऱ्याला गेली, आत्या," मी म्हणाले. मटकीचं काही बोलले नाही.