वेलीखालचा डाग

मी आहे एक जुना टेबलक्लॉथ. मित्रांनो, कापडाला जीभ नसते हे खरं, पण स्मरण असतं. आणि माझं जरा जास्तच आहे.

आत्यानं मला शिवलं, ते धाकट्या भावाच्या, म्हणजे बाबांच्या, नव्या घरासाठी. पांढरं सुती कापड, आणि एकाच कडेला निळ्या दोऱ्याची वेल. "वेलीची बाजू नेहमी माझ्या खुर्चीकडे," असं बाबांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. पाहुणे माझं कौतुक करायचे. मीही कडक इस्त्रीत मिरवायचो.

बाबांना नियम फार. तोंड मिटून चावा. ताटात टाकू नका. हात रुमालाला पुसा. त्यांची मुलगी ताठ बसून ऐकायची. आणि त्याच वेळी, मित्रांनो, टेबलाखाली बाबांची तेलकट बोटं माझ्या आतल्या बाजूला पुसली जायची. रोज! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

एकदा धुताना आईला तो डाग दिसला. तिनं वेल पाहिली, काही बोलणार, तोच बाबा मुलीकडे बोट दाखवून कडाडले, "हिच्याशिवाय कोण? आठ दिवस स्वयंपाकघरात स्टुलावर बसून जेवायचं!"

"बाबा, मी नाही पुसले."

"वर खोटं बोलतेस?"

मुलगी ताट घेऊन गेली. भिंतीकडे तोंड करून जेवली. तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर मी अंथरलेला होतो. त्या दिवशी मी मनाशी गाठ मारली. आईनं साबण लावला, लिंबू चोळलं, गरम पाण्यात भिजवलं. मी कशालाच दाद दिली नाही. डाग घट्ट धरून ठेवला. उट्टं काढायला मला एवढंच येत होतं.

रविवारी आत्या जेवायला आली.

"पोर कुठंय?"

"शिक्षा भोगतेय," बाबा म्हणाले. "तुझ्या टेबलक्लॉथला हात पुसते."

"बघू." आत्यानं माझी कड उलटली. चार रुंद बोटांचे पट्टे! मी अंग ताणून ते नीट दाखवले. तिनं मुलीला हाक मारली, तिचा तळवा डागावर ठेवला. चिमुकला हात त्या पट्ट्यांत हरवून गेला.

"वेलीच्या बाजूला कोण बसतं रे?"

बाबांचा घास तोंडातच राहिला.

"लहानपणी आपल्या आईच्या पदराला हात पुसायचास, तो तूच ना? ऊठ. स्टूल रिकामंच आहे. आणि आधी तिची माफी माग."

"ताई, अगं, निदान जेवण तरी..."

"आठ दिवस!"

बाबांनी मान खाली घालून मुलीची माफी मागितली. ताट उचलून ते आत गेले. मुलगी त्यांच्या खुर्चीत, वेलीसमोर बसली. खोटं कशाला सांगू, इतका आनंद मला इस्त्रीनंतरही कधी झाला नव्हता.

थोड्या वेळानं ती उठली, घडी केलेला रुमाल घेऊन आत गेली. "बाबा, हात पुसायला." बाबांना चेहरा लपवायला भिंत होती म्हणून बरं.

तिनं माफ केलं. मी नाही. आत्याच्या हुकमावरून तेव्हापासून मला उलटा अंथरतात, डाग वर, बाबांच्या ताटाशेजारी.

म्हणून सांगतो मित्रांनो, हात रुमालालाच पुसा. टेबलाखाली कुणी बघत नाही असं वाटतं ना? तिथे मी असतो.