बुजगावण्याचं नाक

आयका ना, कहकशाँ त्या दिवशी राजापेठेतल्या हॉलात शेवटच्या रांगेमांगच्या पडद्याआड, फटीतून स्टेज दिसन अशी, माईक धरून बसली, तवाच तिच्या मनात काळं होतं. काम काय तिचं? शेवटच्या रांगेत, ज्याइले डोयानं दिसत नाई असे लोकं बसले, त्याइच्या कानात छोटं यंत्र, अन् पात्रं बोलाची थांबली का हिनं हळूच सांगाचं, बाई दाराशी आली, आता तिनं घमेलं आपटलं. नियम एकच: दिसते तेच सांगाचं.

अन् स्टेजवर कोण? आरती! दोघीइचं बोलणं बंद. काहून, तर नाटकातल्या मालकिणीचं काम कहकशाँले भेटणार होतं, अन् आरतीनं दिग्दर्शक गोवर्धन सरच्या कानात फुकलं, "तिच्या मराठीले लोकं हासतीन, सर." काम गेलं. अन् मजा पाहा, आरतीलेबी नाई भेटलं, सरच्या भाचीले भेटलं! आरतीच्या वाट्याले आलं बुजगावणं. त्या सालाइत ज्याले त्याले वावराचंच, शेतकऱ्याचंच नाटक कराचं होतं, स्पर्धेत बक्षीस त्यालेच भेटे. मंग काय, हात आडवे करून अख्खं नाटक उभं राहाचं, एक शब्द नाई.

स्टेजचा पडदा उघडाच्या आधी आरती थोबाड फुगवून हिच्यापाशी आली. "माही माय आली मोर्शीहून. तिले दिसत नाई, अन् मी तर बोलतच नाई. तू सांगशीन तरच मी हावो तिच्यासाठी."

"पाया पडून राहिली का?"

"थू! तुह्या? तुहं कामच हाय ते, म्हणून सांगून राहिली."

झालं, हिचं टाळकं सटकलं.

नाटक सुरू. कहकशाँनं चूल सांगितली, मालकिणीची हिरवी साडी सांगितली, कोपऱ्यातलं मोडकं चाकसुद्दा सांगितलं. आरती? नावच नाई! आरतीची माय दुर्गाबाई नेमकी हिच्या पडद्याले लागून बसली होती. शेवटी मांगं वळली. "कावं पोरी, माही आरती आली का नाई अजून?"

कहकशाँनं पाहिलं. आरती उजव्या कोपऱ्यात, खांबासारखी. पापणी हालत नाई. इतलं चांगलं काम पाहून तर हिले जास्तच आग लागली.

"आरती बुजगावणं झाली," ती माईकमंदी बोलली. "उजव्या कोपऱ्यात उभी हाय. नाक खाजवून राहिली."

दुर्गाबाई ताडकन उठली. "आरते! नाक काहून खाजवतं वं? इतल्या लांबून मी याच्यासाठी आली का?"

सगळा हॉल मांगं वळला, अन् असा हासला, असा हासला! डोये असलेल्याइले दिसूनच राहिलं होतं ना, पोरीचे हात जागच्या जागी. "बुढीले आपल्यापेक्षा जास्त दिसते बे!" कोणी तरी वरडलं. आरती तरीबी हालली नाई.

दुर्गाबाई खाली बसली. "हासले काहून?"

सारी रांगच कान देऊन होती, आता ते माईकमंदीच सांगा लागत होतं, सगळ्याइच्या कानात. कहकशाँनं माईक तोंडाशी नेला. "मावशी, तिनं नाक नाई खाजवलं. मी खोटं बोलली."

बाजूच्या पुंजाजीबुढ्यानं कानातलं उपटून पडद्यावर फेकलं. "म्हंजे हिरवी साडीबी खोटीच! तुहे डोये तुह्यापाशी ठेव." मंग त्याच्या बाजूच्यानं काहाडलं, मंग आखीन एकीनं. सारी रांग. महिनाभर तिनं या लोकाइसाठी तालमी पाहिल्या होत्या, आता माईकच्या पलीकडं कोणीच नाई.

एकटी दुर्गाबाई तशीच.

"तुमी नाई काहाडत?"

"काहाडून काय करू? तुह्यावर भरोसा चवलीचा नाई. पण माही पोरगी उभी हाय ना अजून? बोल मंग, सटवे."

कहकशाँ बोलली. "हात आडवे हायेत. कडबा मनगटातून लोंबते. डाव्या डोयातून पाणी आलं, गालावरून खाली चाललं. ती पुसत नाई."

"हेबी खोटंच असन."

"नाई, मावशी."

"असनच," दुर्गाबाई म्हणाली, अन् कानातलं बोटानं अजून आत दाबलं. "पुढं बोल."