राहतं घर

मागची भिंत पडली तेव्हा शकुबाई सहादूला दवाखान्यात घेऊन गेली होती, म्हणून नवरा-बायको दोघं वाचले. सहादूचं उजवं अंग लुळं. त्याला घेऊन ती गल्लीतच पुंजाच्या खोलीत भाड्याने राहू लागली.

घरदुरुस्तीला पालिका कर्ज देते असं कळलं, तशी ती नाशिकरोडच्या ऑफिसात गेली. घर नावावर होतं, घरपट्टी भरलेली होती. तिथल्या भाग्यश्री मॅडमनी कागद बघून मान डोलावली.

"आता राहता कुठे?"

"भाड्याच्या खोलीत."

"मग नाही बसत, मावशी. अर्जदार त्याच घरात राहत असला पाहिजे."

"अहो, भिंत पडली म्हणून तर..."

"कळतंय मला. पण पाहणीच्या वेळी घर बंद दिसलं, तर अर्ज बाद होतो."

शकुबाईने खोली सोडली आणि सहादूला घेऊन पडक्या घरात परतली. सहादू अडखळत म्हणाला, "नको. पडंल."

"पाहणी होईस्तोवर," ती म्हणाली. मागच्या बाजूला तिने ताडपत्री बांधली, दारात चूल मांडली. वारा सुटला की ताडपत्री फडफडायची आणि सहादू डोळे गच्च मिटून घ्यायचा.

पाहणीला मनोज नावाचा इंजिनिअर आला. शकुबाईने चहा टाकला. त्याने बाजूच्या भिंतीला नुसता तळवा लावला, तर मातीचा पोपडा त्याच्या बुटांवर पडला.

"बाबांना आधी बाहेर घ्या," तो म्हणाला. "हे धोकादायक घर आहे, मावशी. दुरुस्तीचं कर्ज टिकणाऱ्या घराला मिळतं."

"मग नवं बांधायला द्या."

"ती योजना वेगळी. तिच्यासाठी नावावर पक्कं घर नसावं लागतं."

"मग हे काय पक्कं हाये?"

"कागदावर आहे," तो खालमानेनं म्हणाला. घर रिकामं करायची नोटीस दाराला चिकटवून तो गेला. चहा तसाच राहिला.

ती धावत पुंजाकडे गेली. तिथे दोरीवर दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत होते.

"मोकळी कशी ठेवू, वहिनी?" पुंजा म्हणाला.

मनमाडला धम्मपालला फोन लावला. "आई, इथं एकच खोली हाये गं," लेक म्हणाला. तिने फोन ठेवला.

ती परतली तेव्हा सहादू खाटेवरून तिच्याकडेच बघत होता. "तू जा," तो कसाबसा म्हणाला. "मला राहू दे हितं."

त्याच्यासकट खाट शकुबाईने पोपडा पडलेल्या भिंतीपासून ओढली, तर ती दुसऱ्या भिंतीला जाऊन लागली. तिथून पुन्हा ओढायला लागली.